नारळ उभा राहिला, पण बोअर कोरडी गेली तर दोष कोणाला?

चोपड्याचे मास्तर (धागाकर्ते):
रावेरच्या एका बागायतदार भाऊंनी काल चित्रफीत टाकली. पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचे पाणी दाखवणारा माणूस, तळहातावर आडवा नारळ घेऊन केळीच्या बांधाने चालतो, एके जागी नारळ शेंडी वर करून ताठ होतो, तेथेच बोअर मारतात आणि पाण्याचा लोट उसळतो. खाली ओळ आहे : ‘विज्ञानवाल्यांनो, आता बोला.’ म्हणून बोलतो.

तापीच्या उत्तरेकडचा चोपडा, यावल, रावेर हा पट्टा गाळाचा आहे. चिकणमातीच्या थरांखाली वाळू-गोट्यांचे थर आहेत आणि पाणी त्यांत साठते. उपशामुळे ते फार खोल गेले आहे. पण खिशाला झेपेल तितके खाली उतरल्यास यांपैकी एखादा थर बहुधा लागतोच. अशा जमिनीत नारळ उठला काय आणि निजला काय! तळहातावरचा नारळ मुळातच डळमळीत असतो आणि मनात अपेक्षा असली की बोटे नकळत हलतात. कार्पेंटर या इंग्रज वैद्याने १८५२ मध्येच हे सांगून ठेवले आहे. त्याच पाणाड्याचे डोळे बांधून, दिशा बदलून दहा वेळा चालवा, आणि नारळ दरवेळी त्याच खुणेवर उठला तर मी स्वतः त्याला फेटा बांधीन.

रावेरकर बागायतदार:
मास्तर, तुमचे ज्ञान फळ्यावर शोभते. माझ्या दुसऱ्या शेतात यंत्र लावून, तारा ठोकून, कागदावर आलेख काढून एका शिकलेल्या माणसाने जागा दाखवली. ४२० फूट गेलो आणि नुसता धुरळा उडाला. त्याने पैसे मात्र आधीच घेतले होते. आमचा पाणाड्या पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला आहे आणि नारळावर ११०० रुपयांत येतो. शिवाय जर्मनीत खुद्द शास्त्रज्ञांनी पाणाड्यांचे प्रयोग करून त्यांना मान्यता दिली, हे तुम्ही सोयीस्करपणे विसरलात.

चोपड्याचे मास्तर:
विसरलो नाही. म्युनिकजवळच्या एका कोठारात १९८७-८८ मध्ये ते प्रयोग झाले. खाली पाण्याचा नळ सरकवायचा आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने त्याची जागा ओळखायची. सुमारे ५०० जणांतून निवडलेल्या ४३ जणांनी ८४३ वेळा प्रयत्न केले. प्रयोगकर्त्यांनी काही जणांना गुण दिले. पण एन्राइट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तेच आकडे पुन्हा मांडल्यावर दिसले की एका फेरीत चमकलेला पाणाड्या पुढच्या फेरीत साफ चुकत होता. यंत्रही चुकते, हे मला मान्य आहे. फरक इतकाच की यंत्र चुकले तर आपण यंत्राला शिव्या देतो. पाणाड्या चुकला तर?

शिंदखेड्याची लेक:
या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे आहे. आमच्याकडे तापीचा गाळ नाही. काळा पाषाण आहे आणि त्यात उभ्या शिरलेल्या डाईकच्या दगडी भिंती आहेत. एका बाजूच्या विहिरीला पाणी असते, तर दुसऱ्या बाजूची ठणठणीत कोरडी असते. माझ्या माहेरी पाणाड्याने दाखवलेल्या दोन बोअर कोरड्या गेल्या. तेव्हा बोअरच्या गाडीजवळ उभा राहून त्याने शांतपणे विचारले, ‘खुणेवर कोणी अडचणीची बाई आली होती का?’ पूजेचे ताट माझ्या वहिनीने आणले होते. तिच्या हातावरचे ओले कुंकू अजून पुसलेलेही नव्हते, तोच आमची आत्या म्हणाली, ‘हिना पायगुनच वाईट शे.’ पाणाड्याने नारळ पिशवीत टाकला आणि तो निघून गेला. दीड लाखाचे कर्ज दादाच्या नावावर चढले, पण ते फेडले वहिनीने, रोजच्या टोमण्यांतून.

पारोळ्याचे आप्पा:
ताई, झाले ते वाईट झाले. परंतु विटाळ म्हणजे निव्वळ खुळ नव्हे. पानमळ्यात त्या दिवसांत बायका का जात नाहीत? त्यांच्या अंगातून विषारी द्रव्य स्रवते, असे युरोपातील डॉक्टरांनीच सिद्ध केले आहे.

शिंदखेड्याची लेक:
आप्पा, ते डॉक्टर म्हणजे व्हिएन्नाचे बेला शिक. घटसर्पाची चाचणी शोधणारे हे मोठे नाव, यात वाद नाही. मोलकरणीने हाताळलेली फुले कोमेजली, एवढ्यावरून त्यांनी १९२० मध्ये विषाचा तर्क मांडला. पुढच्या तपासणीत तो टिकला नाही. तुमच्या केळीच्या मजूर बायका महिन्याचे तीसही दिवस घड वाहतात. तेव्हा विटाळ कोठे जातो? की रोजंदारी बुडू नये म्हणून तो बांधावरच थांबतो?

पारोळ्याचे आप्पा:
मोठ्यांशी बोलण्याची ही रीत नव्हे. मूळ विषय पाण्याचा होता.

शिंदखेड्याची लेक:
पाण्याचाच चालला आहे, आप्पा. पाणी लागले की श्रेय नारळाला आणि नाही लागले की बाईला दोष, असा हिशेब असेल तर पाणाड्या कधी चुकणारच नाही.

रावेरकर बागायतदार:
मास्तरांचे म्युनिक मी मानत नाही. केळीला पाणी म्युनिकहून येत नाही. पण ताईंची गोष्ट वाचून मी आमच्या पाणाड्याला फोन केला आणि आजवर किती बोअर कोरड्या गेल्या ते विचारले. ‘माझ्यामुळे एकही नाही,’ असे तो म्हणाला. ‘माझ्यामुळे’ हा शब्द मला खटकला, एवढे कबूल करतो. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) तिसरी बोअर मारायची आहे. मास्तरांनी डोळ्यांना बांधायची पट्टी घेऊन यावे. पूजेचे ताट माझी सून आणील, अडचण असो वा नसो. आणि बोअर कोरडी गेली तर गाडीचे बिल मी चोपड्याला पाठवीन.