कॅपिटॉलच्या घुमटाखाली : तुमचे अनुभव

अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाची स्वतंत्र वास्तू असते आणि तिला बहुतेक ठिकाणी कॅपिटॉल म्हणतात. ज्यांनी अशी एखादी वास्तू आतून पाहिली असेल, त्यांनी तिथे नेमके काय जाणवले ते लिहावे. सुरुवात मी करतो.

ऑस्टिनला आम्ही आठ वर्षे राहत होतो, पण टेक्सासचे कॅपिटॉल मी खऱ्या अर्थाने पाहिले ते बाबा आले तेव्हा. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या बाबांनी घुमटाकडे पाहण्याआधी भिंतीच्या गुलाबी ग्रॅनाइटवर हात फिरवला. आधी चुनखडक वापरायचे ठरले होते, पण त्यातील लोहामुळे हवा लागताच डाग पडू लागले, म्हणून मार्बल फॉल्सजवळच्या डोंगरातून हा दगड आणला, असे मार्गदर्शकाने सांगताच ते खुलले. सरकारजवळ पैसा नव्हता, जमीन मात्र मुबलक होती. त्यामुळे बांधकामाचा मोबदला म्हणून ३० लाख एकर जमीन दिली गेली. इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे आपले बोरीबंदर स्थानक उभे राहिले त्याच सुमारास. ती राजधानी वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय संसदेच्या कॅपिटॉलपेक्षाही उंच आहे. बाबांना मात्र सर्वाधिक आवडल्या त्या दारांच्या बिजागऱ्या, कारण त्यांच्यावरही इमारतीचे नाव कोरलेले आहे.

*

त्याच ग्रॅनाइटविषयी लिहिते. तो दगड खाणीतून काढण्यासाठी तुरुंगातील कैद्यांना राबवले होते. त्याला विरोध म्हणून संघटित पाथरवटांनी कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा थेट स्कॉटलंडहून कारागीर आणले गेले. हे कळल्यावर मला ती भव्यता निर्भेळपणे पाहता आली नाही. तरीही खोटे कशाला बोलू, संध्याकाळच्या उन्हात ती भिंत पेटल्यासारखी दिसते तेव्हा मी दर वेळी थांबते.

*

टेक्सासच्याच कॅपिटॉलमध्ये घुमटाखालच्या जमिनीवर, मधोमध असलेल्या ताऱ्यावर उभे राहून बोलले की आपलाच आवाज वरून परत येतो. माझ्या सात वर्षांच्या मुलीने तिथे "आजी, ऐकतेस का?" असे विचारले आणि आजूबाजूचे अनोळखी लोकही हसले. वर छतात जो तारा चिमुकला वाटतो, तो सुमारे ८ फूट रुंद आहे, हे मला खाली उभे असताना पटले नाही.

*

माझा अनुभव विस्कॉन्सिनमधील मॅडिसनचा आहे. दोन तलावांमधल्या चिंचोळ्या भूभागावर उभे असलेले तेथील कॅपिटॉल १९१७ मध्ये पूर्ण झाले. त्याचा घुमट पांढऱ्या ग्रॅनाइटचा आहे, आणि आसपासच्या इमारतींनी त्याच्या खांबांच्या तळाहून उंच जाऊ नये असा कायदा असल्यामुळे शहरात शिरताना तो दुरूनच दिसतो. शनिवारी भोवतालच्या चौकात शेतकऱ्यांचा बाजार भरतो, त्यामुळे मी कित्येकदा भाजीच्या पिशव्या घेऊनच आत गेलो आहे आणि मला कोणी हटकलेले नाही. आत देशोदेशींचे दगड वापरले आहेत. जिन्यांवर आणि भिंतींवर नीट पाहिले तर त्यांत समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात. सोबतच्या पाहुण्यांना आधी काही न सांगता मी ते शोधायला लावतो. आजवर सर्वांत लवकर सापडला तो माझ्या सासूबाईंना, आणि त्यांनी चष्मा घरीच विसरला होता.