टर्बो गेला म्हणतात, खरं मला पटंना

जांबोटीकर:

नमस्कार मंडळी. माझी बारा सीटची डिझेल व्हॅन आहे, बीएस-४ (धुराच्या जुन्या नियमातली), कॉमन रेल, टर्बोवाली, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली. सकाळी शाळेची पोरं, सुट्टीला गोवा नाहीतर सौंदत्ती, जोतिबा. सेकंडहँड घेतलीय. पावसाळ्याआधीपासून ऑइल खायला लागली. आठवड्याला अर्धा लिटर तरी वरनं घालावं लागतंय, खरं खाली जमिनीवर थेंब नाही. घाट उतरून आल्यावर पाय दिला की मागं निळ्या धुराचा लोट, बाकी वेळ फारसा नाही. आणि पिकअप गेलाय. गोव्यातल्या साखळी गावाकडनं चोर्ला घाट चढताना पूर्वी तिसऱ्या गिअरवर यायची, आता दुसऱ्यावर रडतीय.

एका गॅरेजवाल्यानं इंटरकूलरची (टर्बोतनं आलेली गरम हवा थंड करतो तो) पाईप काढून आतलं ऑइल दाखवलं आणि म्हणाला टर्बो गेला, नवा घाला. दुसऱ्यानं टर्बोला हातही न लावता सांगितलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उतरवू. दोघांचे खर्चाचे आकडे ऐकून बायको म्हणाली, त्यापेक्षा म्हैस घेऊया.

फिल्टर, बेल्ट, ब्रेक पॅड मी स्वतःच बदलतो. पाने आहेत, घरापुढं सपाट जागा आहे. टर्बो खरंच गेलाय का ते घरी कसं ओळखायचं? आणि साफ करून भागत असेल तर काय काय उघडू?

निपाणीचा_पाहुणा:

आमच्या तंबाखूच्या गाडीला सेम टू सेम. २० डब्ल्यू ५० जाड ऑइल घातलं, वर ती धूर बंद करायची बाटली मिळते ती ओतली. धूर गेला की हो. वर्षभर चालवली, मग विकली.

उद्यमबाग_फिटर:

निपाणीकर, विकली म्हणून वर्ष निघालं. घेणाऱ्यानं पुढं काय काढलं ते तोच जाणे. जाड ऑइल थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोचतं आणि टर्बोला तेवढा उशीरच सोसत नाही. गाडीच्या पुस्तकात १५ डब्ल्यू ४० लिहिलं असेल तर १५ डब्ल्यू ४०, विषय संपला.

जांबोटीकर, वयानं लहान असशील म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. माझी सगळी नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात तो इंजिनाचा मुख्य दांडा) मशीनवर झाली, गाड्यांची कामं संध्याकाळची. एक गोष्ट आधी डोक्यात घे. टर्बोच्या आत क्रँकला असतं तसलं रबरी ऑइल सील नसतं. शाफ्टवर बारीक लोखंडी रिंगा असतात, बस्स. ऑइल आतच राहतं ते दोन कारणांनी. एक, बाहेरच्या अंगाला हवेचा आणि एक्झॉस्टचा दाब असतो. दुसरं, आत आलेलं ऑइल लगेच खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाला ऑइल साठतं तिथं, उतरून जातं. येतं पंपाच्या दाबानं, जातं मात्र नुसत्या आपल्या वजनानं. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्यातनं सुटलेलं ऑइल ताकावरच्या फेसासारखं होऊन खाली पडतं. म्हणून परतीची पाईप जाड असते आणि तिला उतार लागतो. ही पाईप तुंबली, किंवा चेंबरमध्ये दाब साठला, की ऑइलला जायला वाट राहत नाही, मग ते रिंगांवरनं हवेच्या बाजूला नाहीतर सायलेन्सरच्या बाजूला घुसतं. यात टर्बोचा काही गुन्हा नाही. नवा बसवलास तर तोही हेच करणार, आणि दुकानदार म्हणणार बसवताना चुकलं, वॉरंटी नाही.

तुझी खूण बघ. उतारावर बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) नसतो, ऑइल बाहेर डोकावतं, पाय दिलास की जळतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर भरली गाडी चढताना सतत निळा धूर दिसला असता. हा नुसता कल आहे, पुरावा नव्हे. खरं इंजिन उतरवणाऱ्याला सध्या थांबव.

आता उघडायचं. गाडी थंड पाहिजे. खाली जायचं तर जॅकवर भरवसा नको आणि विटांवर तर मुळीच नको, स्टँड लाव.

पहिल्यांदा एअर फिल्टर. तुंबलेल्या फिल्टरमुळं टर्बो हवा न मिळता ऑइलच ओढतो. मग फिल्टरपासून टर्बोपर्यंतची पाईप काढ आणि ऑइल नेमकं कुठनं सुरू होतंय ते बघ. टॅपेट कव्हरवरनं (इंजिनाचं वरचं झाकण) येणारी ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणारी, पाईप याच पाईपला जोडलेली असते. ब्रीदर जिथं मिळतो तिथनंच पाईप ओली असेल तर ऑइल इंजिनातनं ब्रीदरवाटे येतंय, टर्बोतनं नव्हे. टर्बोच्या तोंडापर्यंत सगळं कोरडं आणि पुढं इंटरकूलरच्या बाजूलाच ओलं असेल तर टर्बोकडं बोट दाखवायला जागा आहे. तुझ्या गॅरेजवाल्यानं पुढची पाईप उघडली, मागची बघितलीच नाही. इंटरकूलरात ऑइलचा पातळ थर सगळ्याच गाड्यांत असतो, त्याला भिऊ नको. वाटीभर निघालं तर मात्र ते धुऊन, पूर्ण वाळवून बसवायचं. तसंच ठेवून गाडी ताणलीस तर इंजिन ते ऑइलच पिऊन पळत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. कधी तसं झालंच तर वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोड, म्हणजे बंद पडेल. हवेच्या तोंडावर हात धरायला जाऊ नको, फळी धर.

पाईप निघालीच आहे तर टर्बोचं चाक बोटानं धरून हलव. वर-खाली जरासं हललं तर चालतं, बेअरिंगमध्ये ऑइलला तेवढी जागा ठेवलेलीच असते. पात्या बॉडीला घासल्याच्या खुणा असतील, किंवा चाक आत-बाहेर हलतंय हे हाताला कळलं, तर टर्बो गेला, पुढचं वाचू नको.

चाक ठीक असेल तर ब्रीदर आणि परतीची पाईप पूर्ण काढून आतनं बघ. ऑइल वर नेणारी बारीक पाईप तिच्या पोकळ बोल्टसकट काढ. काही गाड्यांत त्या बोल्टच्या आत बारीक जाळी असते, ती काळ्या गाळानं बसते आणि टर्बो उपाशी मरतो. ऑइल फिलरचं झाकण काढून चालू इंजिनात बघ, भकाभका वाफ येतीय का. आल्यास गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्यावं लागेल, ते घरी होत नाही.

पिकअपचा आजार वेगळाही असू शकतो. होज पाईपा बघ.

जांबोटीकर:

फिटरकाका, सांगितलंत तसं रविवारी सगळं उघडलं. मागची पाईप ब्रीदरच्या जोडापासनं चिकट ओली, त्याच्या आधी फिल्टरकडं कोरडी. ब्रीदरची पाईप आतनं पिवळट चिखलानं जवळजवळ बंद. चाक मोकळं फिरतंय, पात्यांवर ओरखडा नाही, आत-बाहेर काहीच हालत नाही.

परतीच्या पाईपच्या वरच्या फ्लँजला (बोल्टनं आवळायचा चपटा जोड) पॅकिंगच नव्हतं. कुणीतरी आधी लाल सिलिकॉन फासलेलं आणि त्याची जीभ आत लोंबत होती, अर्धं भोक झाकलेलं. आणि इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लिपच्या आतल्या बाजूला चीर. बाहेरनं दिसत नाही, वाकवली की उघडते.

फिलरचं झाकण काढल्यावर जरा वाफ आहे, भकाभका नाही. आता बसवताना काय सांभाळू?

उद्यमबाग_फिटर:

ती चीर म्हणजेच तुझा पिकअप. ऑइलनं रबर मऊ पडतं आणि क्लिपच्या धारेशी फाटतं. होज कापून जोडत बसू नको, नवी घे. नवी मिळायला वेळ लागत असेल तर तोवर गोवा भाडं घेऊ नको. हवा बाहेर जाते, इंजिनाला डिझेल मिळतं, मग काळा धूर आणि टर्बोला उगंच जास्त पळावं लागतं.

सिलिकॉनबद्दल काय बोलू! ऑइलच्या वाटेवर, येणाऱ्या किंवा जाणाऱ्या, सिलिकॉन कधीच लावायचं नसतं. तुकडा सुटला की जाऊन कुठं बसेल सांगता येत नाही. फ्लँजचं पॅकिंग विकत मिळतं, तेच घाल, दोन्ही तोंडं ब्लेडनं हळू खरवडून पुसून घे, भोकात चिंधी कोंबून मगच खरवड आणि चिंधी आठवणीनं काढ. पोकळ बोल्टचे तांब्याचे वायसर नवे. जुने परत वापरले तर झिरपतात.

पाईपा डिझेलनं धू, हवा मार, वाळव. बसवायच्या आधी टर्बोच्या ऑइल भोकात स्वच्छ इंजिन ऑइल ओतून चाक हातानं फिरव, भोक भरेपर्यंत. ऑइल आणि फिल्टर नवीनच घाल. जुन्या ऑइलमध्ये तो गाळ अजून आहे. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून, गाडी सुरू होणार नाही असं करून, स्टार्टरनं इंजिन थोडं-थोडं फिरव, मध्ये स्टार्टरला विश्रांती दे. ऑइलचा दिवा विझला की कनेक्टर लाव, सुरू कर आणि चार-पाच मिनिटं आयडलवरच, पाय न देता, सोड. इंजिन वार्निंगचा दिवा लागला तर स्कॅनरनं पुसून टाक, तो कनेक्टर काढल्यामुळं आलेला असतो.

ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या वर जाऊ देऊ नको. जास्त झालं की क्रँक ते घुसळतो आणि परत ब्रीदरवाटे तोच खेळ. जुनं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नको, भंगार ऑइल घेणारे असतात त्यांना दे.

आणि घाट चढून आल्याबरोबर चहाला थांबतोस ना, चावी लगेच फिरवू नको. एक-दोन मिनिटं आयडल. गरम टर्बोत ऑइल थांबलं की करपून कोळसा होतं, त्या जाळीत आणि पाईपेत तोच साचतो.

चंदगड_एक्स्प्रेस:

मध्येच विचारतो. माझी बीएस-६ आहे. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी डिपस्टिकवर वाढतंय. चंदगड ते शिनोळी एवढंच फिरणं. हे बरं की वाईट?

उद्यमबाग_फिटर:

वाईट. ते ऑइल नव्हे, त्यात डिझेल मिसळतंय. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, जाळून साफ करायला गाडी जादा डिझेल मारते. तुझा फेरा छोटा, काम पुरं व्हायच्या आधीच तू बंद करतोस आणि तेच डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरनं खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की पहिलं टर्बोचं बेअरिंग जातं. ऑइल ताबडतोब बदल, डीपीएफला चालणारं कमी राखेचं, पुस्तकात दिलेला ग्रेड बघून. आठवड्यातनं एकदा हायवेला घाल आणि अर्धा तास एकसारखी पळव. तरीही वाढत राहिलं तर इंजेक्टर तपासून घे. याच्यासाठी वेगळा धागा काढ बाबा, जांबोटीकराचं अर्धं राहिलंय.

जांबोटीकर:

होज बेळगावात मिळाली, पॅकिंग दुसऱ्या गाडीचं बसतंय म्हणून दुकानदारानं दिलं, भोकं जुळतात. ब्रीदर धुतला, सगळं बसवलं. चोर्ला तिसऱ्यावर आली. उतारावरनं आल्यावर धूर अजून जरासा दिसतो, आधीच्या मानानं काहीच नाही. इंटरकूलर पूर्ण निथळला नसेल काय?

उद्यमबाग_फिटर:

सायलेन्सरमध्ये साचलेलं जळायलाही वेळ लागतो. डिपस्टिक रोज सकाळी, गाडी सपाट उभी असताना, थंडीच बघ आणि वहीत लिही. महिन्याभरात ऑइल उतरायचं थांबलं तर विसरून जा. उतरतच राहिलं तर कॉम्प्रेशन मोजून ये आणि आकडे इथं टाक.