बारा गोळ्यांचा हिशोब

सी-३०२: नमस्कार मंडळी, अवेळी त्रास देतोय. बाबांची हिपॅटायटिस बी ची गोळी संपलीय, टेनोफोविर ३००. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला म्हणतो सोमवारी येईल. कोणाकडे दोन-तीन गोळ्या आहेत का?

बी-१०४: गेटजवळ पांढरी गाडी कोणाची? टँकर आत येत नाहीये.

ए-५०१: अरे, आमच्या मेव्हण्यांच्या आहेत इथे. टेनोफोविरच, पण २५ ची. १२ घेतल्या की झाल्या ना ३००!

ए-१०३: थांबा थांबा!! दादा, १२ गोळ्या अजिबात देऊ नका. नाव एकच, औषधाचं रूप वेगळं. ३०० वाली डायसोप्रॉक्सिल, २५ वाली अलाफेनामाइड. ही दुसरी यकृताच्या पेशीत चांगली शिरते म्हणून २५ च पुरते. तुमचा हिशोब म्हणजे १२ दिवसांच्या गोळ्या एका घोटात. आणि बदल करायचा तर तो डॉक्टर करतील, आपण ग्रुपवर नाही.

ए-५०१: 🙏 बरं झालं ताई, मी लिफ्टपर्यंत पोचलो होतो.

सी-३०२: मग सोमवारपर्यंत खंड पडला तर चालेल? बाबा तर म्हणतात कायमचीच सोडतो. परवाच्या रिपोर्टात व्हायरस ‘नॉट डिटेक्टेड’ आलाय.

ए-१०३: अहो, तो गोळीमुळेच दिसत नाहीये! विषाणूचा डीएनए यकृताच्या पेशीच्या केंद्रकात दडून बसतो. ही गोळी त्याला तिथून हाकलत नाही, फक्त नव्या प्रती बनू देत नाही. एखादी चुकली तर आठवल्यावर घ्यायची, दुसऱ्या दिवशी दोन नाहीत. पण मनानेच बंद केली तर काही आठवड्यांत, कधी महिन्यांनी, आजार उसळतो. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा दाखवणारा रक्तातला आकडा, हजारात जातो, यकृत निकामीही होऊ शकतं. आमच्या औषधांच्या दुकानात दर महिन्याला येणारे एक आजोबा अचानक यायचे थांबले. पुढे मुलगी चिठ्ठी घेऊन आली, म्हणाली डोळे हळदीसारखे झालेत. त्यांनाही रिपोर्ट चांगला आला होता. काहींची बंद करतातही, पण डॉक्टरच, आणि नंतर रक्त तपासत राहतात.

डी-२०२: आमच्या गावाला कावीळ उतरवतात. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं होतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ए-१०३: काकू, आधी हाताला झाडाचा रस चोळतात ना, त्याचा नि चुन्याचा रंग तो. माझे हात धुतले तरी पिवळाच होईल. पाणी होऊ दे पिवळं, काढे तेवढे देऊ नका. काही काढे यकृतालाच बाधतात.

सी-३०२: ताई, नेटवर ही एचआयव्हीची गोळी म्हणून दाखवते. आई घाबरलीय.

ए-१०३: दोन्हीकडे वापरतात. म्हणूनच सुरू करण्याआधी एचआयव्ही तपासतात. तो असेल तर ही एकटी गोळी पुरत नाही, विषाणू तिला सरावतो. सुरुवातीचे रिपोर्ट बघा, तपासलेलं असेल. बाबा दुसरं काही घेतात?

सी-३०२: गुडघेदुखीवर डायक्लो, ती वेदनाशामक गोळी. जवळजवळ रोज.

ए-१०३: हे आधी सांगायचं! ३०० वालीचा भार किडनीवर, त्यात रोजची डायक्लो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कधी केलंय ते बघा आणि उद्याच डॉक्टरांना फोन करा. गुडघ्याला दुसरं देतील.

बी-१०१: स्पष्ट विचारते, राग नको. गणपतीत तुमच्याकडचे मोदक खायचे की नाही?

ए-१०३: खुशाल खा काकू. हा रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जातो, ताटातून नाही. रेझर, ब्रश, नेलकटर तेवढे वेगळे. घरच्यांनी तपासून लस घ्यायची, आज, महिन्याने, सहाव्या महिन्याला.

सी-३०२: आम्ही तिघांनी घेतलीय. पण मी हे ग्रुपवर टाकलं ते बाबांना कळलंय. दुपारपासून बोलत नाहीत.

ए-१०३: रागावणारच. पुढच्या वेळी मला एकटीला टाका. आणि २०१८ ला सुरू झालेल्या सरकारी योजनेत ही औषधं मोफत मिळतात, जिल्हा रुग्णालयात विचारून ठेवा.

सी-३०२: मिळाली! स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये, ३० ची बाटली. बाबांनी घेतली आत्ता. म्हणाले, १०१ ला मोदक २१ पाठव, मोजून.

बी-१०१: 🙈 पाठवा.

बी-१०४: पांढरी गाडी अजून तिथेच आहे.