मदत हवी आहे: डेंग्यू निगेटिव्ह, टायफॉईडची विडाल तपासणी १:८०, प्लेटलेट कमी. नक्की काय समजायचं?

शाहूपुरी_वहिनी: धाकट्या दिराचा ताप उतरेना. डेंग्यूची एनएस१ तपासणी निगेटिव्ह, विडाल ओ १:८०, प्लेटलेट ९८ हजार. टायफॉईड म्हणून सलाईन लावून घरी पाठवलं. टायफॉईडमध्ये प्लेटलेट एवढ्या उतरतात का? लवकर सांगा, सासूबाई रडायला लागल्यात.

रंकाळा_कट्टा: पपईच्या पानांचा रस द्या. माझ्या भावाला लई गुण आला.

लॅबवाला: रस राहू दे. ताई, ताप कधी सुरू झाला आणि रक्त कधी दिलं?

शाहूपुरी_वहिनी: ताप सोमवारपासून, रक्त शनिवारी. त्यानं काय फरक पडतो?

लॅबवाला: सगळा फरक त्यानंच पडतो. एनएस१ पहिल्या ५ दिवसांत नीट सापडतं, नंतर हुकू शकतं. पुढं आयजीएम, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीची तपासणी बघतात, ती केलेलीच दिसत नाही. आणि १:८० विडाल आपल्याकडं धडधाकट माणसातही येते. टायफॉईडची खात्री ब्लड कल्चरनं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघून, तेही अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी रक्त घेऊन.

जुना_राजारामपुरीकर: विडालला नावं ठेवू नका. आमच्या डॉक्टरांनी आयुष्यभर त्यावरच पेशंट बरे केले.

लॅबवाला: काका, बरेच ताप आपोआपही उतरतात. एका विडालवर टायफॉईड ठरवू नये.

कसबा_बावडा: महापालिकेला सांगून गल्लीत धूर फवारणी करून घ्या. आमच्याकडं टायरमध्ये अळ्या सापडल्या.

सिस्टर_क: दीर पाण्या-चिखलात उतरले होते का?

शाहूपुरी_वहिनी: भातलावणीला गगनबावड्याला गेला होता. त्याचा इथं काय संबंध?

सिस्टर_क: लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. उंदराच्या लघवीनं खराब झालेलं पाणी पायाच्या जखमेतून बाधतं, प्लेटलेट त्यातही उतरतात. पोटऱ्या दुखतात? डोळे लाल? काखेत, जांघेत काळी खपली असेल तर स्क्रब टायफसही (बारीक किड्याच्या चावण्यानं येणारा ताप) बघावा लागेल.

शाहूपुरी_वहिनी: खपली नाही. पोटरीला हात लावू देत नाही. डोळे लालच आहेत, आम्हाला जागरणानं वाटलं. कालपासून लघवीही कमी झालीय.

सिस्टर_क: मग थांबू नका, आत्ताच सीपीआरला, सरकारी दवाखान्यात न्या. लावणीचं आणि लघवीचं पहिल्यांदा सांगा. लेप्टो आणि डेंग्यूची आयजीएम, क्रिएटिनिन (किडनीसाठी), बिलिरुबिन (काविळीसाठी) करायचं का ते विचारा. ब्रुफेनची वेदनाशामक गोळी अजिबात देऊ नका.

रंकाळा_कट्टा: किवी पण द्या.

शाहूपुरी_वहिनी: रिक्षा बोलावलीय. रक्त उपाशीपोटी द्यायचं का? आत्ताच पेज प्यायलाय.

लॅबवाला: चालतंय, या तपासण्यांना उपाशी लागत नाही. जुना रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या.