मदत हवी आहे: गावातल्या वीरगळांची फेरी कशी काढावी?

नमस्कार मंडळी. गाव जुन्नर तालुक्यात. नाणेघाट, लेण्याद्री बघायला लोक लांबून येतात, पण आमच्या महादेवाच्या देवळामागे ७ वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) आणि १ गधेगळ (शापाचा कोरीव दगड) पडून आहेत, त्यांच्याकडे गावातलंच कुणी ढुंकून बघत नाही. एकावर तर परवापर्यंत धुणं आपटत होते! त्यावर खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा आणि टोकाला चंद्रसूर्य. सकाळच्या तिरप्या उन्हात वीराच्या हातातली ढालसुद्धा ओळखू येते. दुपारी नुसता दगड.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेतली पोरं आणि गावकरी यांना घेऊन तासाभराची फेरी काढायचा विचार आहे. अडचण अशी, की दोन दगडांवर कुणीतरी ऑइलपेंट फासलाय. तारेच्या ब्रशने घासायचं नाही एवढं कळतं. मग पुरातत्त्व खात्याला कळवून तसाच ठेवायचा का?

दुसरं, गधेगळ म्हणजे दान मोडणाऱ्याला कोरून ठेवलेली शिवीच. चित्रही तसंच. पाचवीच्या पोरांना ते कसं सांगायचं?

कुणी असा उपक्रम केला असेल तर अनुभव लिहा. वीरगळाच्या नोंदीचा तक्ता (माप, दिशा, फोटो) तयार असेल तर तोही पाठवा.