लुआरकाठचे शॅटो, जंगलं आणि सायकलवाटा: आठ दिवसांचा बेत कसा बसवावा?

त्र्यंबकरोड_पहाटे

फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात सायकलवर शॅटो (तिथले जुने राजवाडे-गढ्या) बघायचा विचार आहे. तिघं मोठी माणसं आणि अकरा वर्षांची मुलगी. पॅरिस वगळून हातात आठ दिवस. नाशिक ते त्र्यंबकेश्वर जाऊन-येऊन जमतं, त्यापेक्षा जास्त रोज नको. जून की सप्टेंबरअखेर, हे ठरलेलं नाही. प्रश्न असे:

नदीकाठच्या सायकलवाटेने सरळ पुढे जात राहावं की एका ठिकाणी राहून फिरावं? सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात? नकाशावर शॅटोंच्या आजूबाजूला भरपूर हिरवं दिसतं, त्या जंगलांत सायकल घालता येते का? आणि आमच्यातली दोघं शुद्ध शाकाहारी आहेत.

गोदाकाठ

सरळ रेषेत जाऊ नका. ‘लुआर आ व्हेलो’ ही सायकलवाट नेव्हेरजवळच्या क्युफीपासून समुद्रापर्यंत सुमारे ९०० किमी आहे. ती कापत सुटलं की रोज सामान बांधायचं, रोज नवी खोली शोधायची, आणि शॅटोच्या दारात पोहोचेपर्यंत तिकीटखिडकी बंद व्हायला आलेली. इथे किलोमीटर थोडे असतात, घड्याळ आड येतं. बहुतेक शॅटोंत शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा तास आधी असतो आणि शांबोरचा शॅटो आतून बघायला तीन तास तरी लागतात.

तीन मुक्काम करा: ब्लुआ तीन रात्री, आंबुआज दोन, शिनों दोन. आठवा दिवस पावसासाठी किंवा पॅरिसला परतायला. तिन्ही गावांना रेल्वे आहे. पॅरिसच्या ऑस्तरलित्झ स्थानकावरून ब्लुआला थेट गाडी मिळते.

ब्लुआहून पहिला फेरा शांबोरचा. नदीच्या डाव्या काठाने सेंत-दिए गावापर्यंत सुमारे १५ किमी, तिथून जंगलातून चार-पाच. सेंत-दिए हे शांबोरचं जुनं बंदर, बांधकामाचा दगड नावेने इथे उतरत असे. शांबोर म्हणजे पहिला फ्रान्स्वा राजा १५१९ मध्ये बांधायला बसला तो मुळात शिकारीचा वाडा. मध्यभागी दुहेरी नागमोडी जिना: एक माणूस चढतो, एक उतरतो, दोघं झरोक्यांतून एकमेकांना दिसतात पण समोरासमोर येत नाहीत. धुराडी २८२. ‘किल्ला’ समजून रामशेज किंवा हरिहरसारखं काही शोधू नका, हे राजवाडे आहेत. खरा लढाऊ किल्ला बघायचा तर शिनों किंवा लोश. शिनोंमध्येच १४२९ साली जोन ऑफ आर्क सातव्या चार्ल्सला भेटली.

दुसऱ्या दिवशी शवेर्नी, ब्लुआपासून साधारण १५ किमी. शांबोर आणि शवेर्नी एकाच दिवशी उरकायचा मोह होतो. ५५ किमीचा फेरा पायांना जड नाही, पण दोन्ही वाडे अर्धवट होतात.

मग सामान घेऊन ब्लुआहून शोमोंमार्गे आंबुआज, ४० किमीच्या आसपास. शोमोंचा शॅटो टेकडीवर आहे, शेवटचा चढ आखूड पण खडा. आंबुआजला क्लो ल्युसेमध्ये लिओनार्दो दा विंची १५१९ साली वारला, आणि शॅटोच्या आवारातल्या छोट्या चर्चमध्ये त्याची कबर आहे. तिथून शनोंसो १५ किमी. शेर नदीवर पुलासारखा बांधलेला तो वाडा, दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यातला आणि मोकळा फ्रान्स यांची हद्द त्याच नदीवरून जात होती. एक फसगत मात्र टाळा: नकाशात आंबुआज आणि शनोंसो शेजारी दिसतात, पण त्यांचे रेल्वेमार्ग वेगळे आहेत. दमलात म्हणून ‘गाडीने परत येऊ’ म्हटलं तर तूर शहराकडे जाऊन गाडी बदलावी लागते.

शेवटी आंबुआजहून गाडीने तूरमार्गे आझे-ल-रिदो, तिथून उसे हा शॅटो बघत शिनों सायकलने, तीसेक किमी. तूर–शिनों मार्गावरच्या काही फेऱ्या गाडीऐवजी बसच्या असतात आणि त्यांत सायकल चढत नाही. वेळापत्रकात बसची खूण आधी बघा.

स्पोकपाना

गोदाकाठांच्या बेताला एक जोड. त्या खोऱ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि दुपारी वाढतो. नदीचा बांध उघडा आहे, आडोसा नाही. म्हणून फेरे असे लावा की सकाळी पश्चिमेकडे निघाल आणि दुपारी वारा पाठीवर घेऊन परत याल. ब्लुआ ते आंबुआज हा टप्पा पश्चिमेकडेच आहे, तो नाष्टा होताच सुरू करा. सगळा प्रवास सरळ रेषेतच करायचा असेल तर समुद्राकडून आत या. उलटं गेलात तर नदीचा उतार इतका नगण्य आहे की वाऱ्यापुढे त्याचा उपयोग शून्य.

सायकल भाड्याने. चार खोकी, एक मुलगी आणि तीन गाड्या बदलणं हे कुणालाच झेपणार नाही. साध्या हायब्रिडला दिवसाला साधारण १५ ते २५ युरो, बॅटरीवालीला त्याच्या जवळपास दुप्पट. तरीही स्वतःची न्यायची असेल तर लक्षात घ्या: टीजीव्ही या वेगवान गाडीत सुटी केलेली सायकल १३० गुणिले ९० सेंमीच्या पिशवीत बसली पाहिजे. पेडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, जोर लावून ते खराब करणारे पुष्कळ. प्रादेशिक टेर गाड्यांत अख्खी सायकल चालते, उन्हाळ्यात मात्र जागा लवकर भरतात.

भाड्याची सायकल ताब्यात घेताना चौघांच्याही सायकलींवर हे बघा: ट्यूबचा व्हॉल्व्ह कुठला (बारीक प्रेस्टा असेल तर पंप आणि सुटी ट्यूब तशीच हवी), टायर ३२ ते ४० मिमी आहे का, मागच्या कॅरियरला पिशवीचे हुक घट्ट बसतात का. वाटेचा बराच भाग डांबरी असला तरी दाबून बसवलेल्या वाळू-खडीचे तुकडे येतात. रेसिंगचे २३ मिमी टायर तिथे वळणावर सटकतात. अनामत रक्कम कार्डावर अडवून ठेवतात. प्रीपेड फॉरेक्स कार्डावर ते अनेकदा होत नाही, एक क्रेडिट कार्ड जवळ असू द्या. सॅडल आपल्याला सोसणारी असेल तर तेवढी इथून न्या, वजन तीन-चारशे ग्रॅम.

मुलगी बाराच्या आत आहे, तिला हेल्मेट कायद्याने सक्तीचं. कानात इयरफोन घालून चालवायला बंदी, दंड १३५ युरो. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जाकीट घालावंच लागतं.

आणि सगळ्यात धोक्याचं: उजवीकडून चालवणं दोन दिवसांत अंगवळणी पडतं, ‘उजवीकडच्याला आधी’ हा नियम पडत नाही. पाटी नसलेल्या चौकात उजव्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग ती गल्ली आपल्या वाड्याच्या बोळाएवढी का असेना. तिथला गाडीवाला न बघता बाहेर येतो, कारण हक्क त्याचा असतो.

वडाची_पारंबी

जंगलाबद्दल. सगळं हिरवं सारखं नाही, तीन प्रकार ओळखा.

सरकारी जंगल, म्हणजे फोरे दोमानियाल. आंबुआज नाही, पण ब्लुआ, रुसी, बुलोन्य, शिनों ही सगळी अशी. यांतल्या वनरस्त्यांवर सायकल चालते, फाटकाच्या बाजूने जागा ठेवलेली असते. फाटक मोटारींसाठी आहे.

दुसरं शांबोर. भिंतीच्या आत ५,४४० हेक्टर जंगल आहे, भिंत ३२ किमी. आवारात प्रवेश मोफत, पण लोकांना मोकळं आहे ते सुमारे १,००० हेक्टर. उरलेलं हरणं आणि रानडुकरांसाठी राखीव. नकाशावर रेषा दिसली म्हणून घुसू नका.

तिसरं सोलोन्यचं, शवेर्नीच्या पूर्वेला. हे बहुतांश खासगी. २०२३ च्या कायद्याने एकीकडे कुंपणांची उंची १.२० मीटरवर आणली आणि खालून ३० सेंमी जागा सोडायला लावली, जनावरं जावीत म्हणून. दुसरीकडे खासगी जंगलात शिरणं दंडनीय केलं. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ (खासगी मालमत्ता) पाटी दिसली की मागे फिरा. मोबाइलवरची मार्ग दाखवणारी अॅप्स या वाटांवर बेधडक नेतात. घोळ होतो तो इथेच.

रस्ता चुकण्याचं कारणही शिकारच आहे. राजांच्या शिकारीसाठी सरळसोट रस्ते कापले, सहा-आठ रस्ते एका चौकात मिळतात आणि सगळे हुबेहूब. चौकाचं नाव खांबावर असतं, ते वाचूनच पुढे. नकाशा आधी उतरवून ठेवा, सोलोन्यात रेंज जाते.

सप्टेंबरअखेर गेलात तर हरणांची माजावरची डरकाळी ऐकायला मिळते (ब्राम म्हणतात, साधारण मध्य सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर), पण तेव्हा शिकारीचा हंगामही उघडलेला असतो. ‘शास आं कूर’ म्हणजे शिकार चालू आहे. पाटी दिसली तर त्या वाटेवर जायचं नाही. मुलगी सोबत आहे, जूनच बरा. रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेडही असतो.

जूनमध्ये गोचीड. संध्याकाळी मांडीमागे, काखेत, मुलीच्या कानामागे तपासा. औषधाच्या दुकानात ‘तीर-तिक’ नावाचा प्लास्टिकचा आकडा मिळतो, त्याने फिरवून काढायची. तेल, तूप, काडी काही लावायचं नाही, त्याने ती उलट रोगजंतू ओकू शकते. पुढच्या काही आठवड्यांत चावल्याजागी लाल वर्तुळ पसरताना दिसलं तर डॉक्टर.

त्र्यंबकरोड_पहाटे

जून नक्की. पूर आला तर नदीकाठची वाट बंद होते का? आणि जेवणाचं राहिलंच.

मिसळ_आणि_मैल

पुराचा काळ मुख्यतः हिवाळा आणि वसंताची सुरुवात, जूनमध्ये क्वचित. ‘रूत बारे’ म्हणजे रस्ता बंद, ‘देव्हियास्यों’ म्हणजे वळण. गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आपण जसं ओळखतो, तशा तिथे भिंतींवर पाण्याच्या खुणा कोरलेल्या आहेत. १८४६, १८५६, १८६६ हे तीन मोठे पूर शोधा, काही ठिकाणी खूण डोक्याच्या वर असते.

जेवण. स्वयंपाकघर दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ७ ते ९ च चालतं. अडीचला पोहोचलात तर कॉफीच. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यातली दुकानं बंद, शनिवारीच दोन दिवसांचं घ्या. ‘वेजेतारियां’ एवढं म्हणून भागत नाही, ‘सां व्हियांद, सां प्वासों’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासा नको. तरी सॅलडमध्ये ‘लार्दों’ निघतात, ते डुकराच्या मांसाचे तुकडे. कीश या अंड्याच्या खाऱ्या पदार्थातही तेच. ‘क्र्युदिते’ सँडविच भाजीचं म्हणतात, त्यात ट्यूना किंवा अंडं नाही ना हे विचारा. सुरक्षित दुपार म्हणजे ‘बागेत’ नावाचा लांब पाव, टोमॅटो आणि शेळीचं चीज. सेल-स्युर-शेर, सेंत-मोर ही तिथलीच. मात्र या चिजांत बहुधा वासराच्या जठरातलं विरजण असतं. शुद्ध शाकाहाराची व्याख्या तिथवर जात असेल तर दही आणि डाळीचे डबे.

घरून नेताना साजूक तूप, पेढे, खवा अजिबात नको, युरोपीय संघात दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. ताजी द्राक्षंही नाहीत, त्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बेदाणे, चिवडा, मेतकूट, तेलातल्या दशम्या चालतात.

पाण्यासाठी गावाची स्मशानभूमी शोधा. बहुतेकींत नळ असतो, फक्त ‘ओ नों पोताब्ल’ (पिण्याचं पाणी नाही) लिहिलं नाही ना ते बघा. मुक्कामासाठी ‘आक्युई व्हेलो’ची खूण असलेली घरं घ्या, ती सायकलवाटेपासून ५ किमीच्या आत असतात आणि सायकल कुलपात ठेवायला जागा देतात. जूनसाठी मार्चमध्येच सांगून ठेवा.