वाळवणावरील कावळे आणि हातातील लेझर

प्रश्न (मालवण): खळ्यात वाळत घातलेली आमसुले आणि बांगडे कावळे रोज पळवतात. हातात धरायच्या हिरव्या लेझरने ते दूर राहतील का?

उत्तर (गुहागर): सरकणारा प्रकाशबिंदू पक्ष्यांना चालून येणाऱ्या धोक्यासारखा भासतो, म्हणून ते उडतात, परंतु हा परिणाम पहाटे किंवा तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडातच साधतो आणि आपले वाळवण तर भर उन्हात असते, जेथे तो बिंदू नीट दिसतही नाही. शिवाय कावळ्यासारखा चतुर पक्षी अशा युक्तीला लवकर सरावतो.

उत्तर (रत्नागिरी): लेझर घेऊ नका, असे मी कळकळीने सांगेन. ५ मिलिवॅटपेक्षा अधिक शक्तीचा किरण डोळ्यात गेल्यास, मग तो डोळा मुलाचा असो वा कावळ्याचा, दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. स्टीलच्या ताटावरून परावर्तित झालेला किरणही धोक्याचाच, आणि आकाशात रोखलेला किरण वैमानिकाचे डोळे दिपवतो. त्यापेक्षा रापणीचे (किनाऱ्यावरून ओढून मासे पकडायचे) जुने जाळे बांबूच्या चौकटीवर ताणून वाळवणापासून वीतभर उंच बांधावे, म्हणजे चोच खाली पोहोचत नाही आणि ऊन-वारा अडत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. शेजारच्या रापणकरांकडे आजच जाळ्याची चौकशी करतो.